एकवीस कार्बनांची दोन चित्रे

पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनने काढलेले एक चित्र. डाव्या टोकाला षट्कोन, उजव्या टोकाला षट्कोन आणि दोघांना जोडणारी नागमोडी रेघ. दोन्ही षट्कोनांच्या आत एक सोडून एक बाजूला लगटलेल्या तीन छोट्या रेघा. बाहेरच्या बाजूने दोन-दोन काड्या फुटलेल्या. एकीच्या टोकाला ‘ओएच’, तिच्या शेजारणीच्या टोकाला ‘ओसीएच३’. मधल्या नागमोडीत दोन ठिकाणी रेघ दुहेरी झालेली, आणि आणखी दोन कोपऱ्यांवर उभ्या जोडकाड्या, त्यांच्या डोक्यावर ‘ओ’. खाली नाव नाही, रेणुसूत्र नाही, तारीखसुद्धा नाही. कागद पुढे सरकवून विचारणारा विचारतो : हे काय आहे?

रसायनशास्त्राच्या विभागात हा प्रश्न नवा नसतो. जुनी प्रयोगवही उघडली, की नाव न घालता काढलेली अशी चित्रे पानोपानी भेटतात. चर्चासत्रानंतर फळ्यावर अर्धवट पुसलेली राहतात. चहाच्या कपाखालच्या कागदावर काढलेलीही असतात. चित्र काढणाऱ्याला नाव लिहायची गरज वाटलेली नसते, कारण त्याच्या दृष्टीने चित्र हेच नाव असते.

ते वाचायचे कसे, हे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरात समजावून सांगणे सोपे जाते. रांगोळीत आधी ठिपके मांडतात, मग रेघा ओढतात. रसायनशास्त्रज्ञ रेघा ओढतो आणि ठिपके पुसून टाकतो. जिथे रेघ वळते तिथे, आणि रिकाम्या टोकापाशी, एक कार्बन आहे असे धरायचे. कार्बनची संयुजा ४. एवढे दहावीच्या ‘कार्बनी संयुगे’ या धड्यातून प्रत्येकाला आठवत असते. ज्या कोपऱ्याला चार रेघा पोहोचलेल्या नाहीत, तिथली तूट हायड्रोजनने भरून काढायची. हे हायड्रोजन कागदावर नसतात, पण वाचणाऱ्याने ते पाहायचे असतात.

आता मोजणी. दोन षट्कोनांचे १२ कार्बन, नागमोडीचे ७, दोन ओसीएच३ गटांचे २. एकूण २१. हायड्रोजन : प्रत्येक षट्कोनावर उरलेले ३ म्हणजे ६, ओसीएच३चे ६, ओएचचे २, नागमोडीतल्या दोन दुहेरी बंधांवरचे ४, आणि दोन जोडकाड्यांच्या मधोमध जो कोपरा आहे त्याचे २. एकूण २०. ऑक्सिजन ६. पहिला ताळा इथेच घेता येतो. २१ कार्बनांच्या सरळ, कुठेही वलय वा दुहेरी बंध नसलेल्या साखळीला ४४ हायड्रोजन लागले असते. इथे २० आहेत, २४ कमी. दर दोन हायड्रोजनांच्या तुटीमागे एक वलय किंवा एक दुहेरी बंध असतो, म्हणजे चित्रात असे १२ सापडायला हवेत. दोन वलये, त्यांच्या आतले सहा दुहेरी बंध, नागमोडीतले दोन आणि ऑक्सिजनकडे जाणारे दोन : बारा. हिशोब जुळला. जुळला नसता, तर एक तर मोजणाऱ्याचे चुकले असते किंवा चित्र काढणाऱ्याच्या हातून कुठल्यातरी कार्बनला पाचवी काडी फुटली असती. हाताने घाईत काढलेल्या चित्रांत ही चूक फार वेळा होते.

मग नाव. सात कार्बनांची साखळी म्हणून हेप्टा, दोन दुहेरी बंध म्हणून डायीन, ऑक्सिजनकडे जाणाऱ्या दोन जोडकाड्या, म्हणजे दोन कीटोन, म्हणून डायोन, दोन्ही टोकांना सारखे वलय म्हणून बिस. सगळे मिळून : १,७-बिस(४-हायड्रॉक्सी-३-मेथॉक्सीफिनाइल)हेप्टा-१,६-डायीन-३,५-डायोन. हे लांबलचक नाव पाहून दचकायचे कारण नाही. आपल्या फोडणीत ते रोज पडते. ते कर्क्युमिन आहे, हळदीचा पिवळा रंग.

चित्रावरून नाव काढायला सरावलेल्या माणसाला पाच मिनिटे पुरतात. पण हळदीवरून चित्र काढायला ९५ वर्षे लागली होती.

१८१५ साली फोगेल आणि पेलेटिए यांनी हळकुंडातला पिवळा पदार्थ वेगळा काढल्याचे जाहीर केले. तो शुद्ध नव्हता. स्फटिकरूपात शुद्ध कर्क्युमिन १८७० मध्ये डाउबे यांच्या हाती लागले. आणि मिलोबेन्झ्का, कोस्टानेकी व लाम्पे या तिघांनी त्याची रचना मांडली ती १९१० साली. त्यानंतर तीन वर्षांत, १९१३ मध्ये, लाम्पे आणि मिलोबेन्झ्का यांनी तोच रेणू प्रयोगशाळेत बांधून दाखवला. चित्र बरोबर आहे हे सिद्ध करण्याचा तेव्हाचा सर्वांत खात्रीचा मार्ग तोच होता : चित्राप्रमाणे बनवा आणि निसर्गातल्या पदार्थाशी ताडून पाहा.

पेलेटिए हे नाव कोकणातल्या माणसाने दुसऱ्या एका कारणासाठी लक्षात ठेवावे. १८१८ साली त्यांनी आणि काव्हाँतू यांनी स्ट्रिक्नॉस कुळातल्या बियांमधून एक जहाल विष वेगळे केले आणि त्याला स्ट्रिक्नीन म्हटले. आपला काजरा याच कुळातला. बटणासारख्या चपट्या, चंदेरी लव असलेल्या त्याच्या बिया कोकणात आणि गोव्यात ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्यांच्यापासून जपायला वेगळे सांगावे लागत नाही.

स्ट्रिक्नीनचे रेणुसूत्र रेन्यो यांनी १८३८ साली पक्के केले : कार्बन २१, हायड्रोजन २२, नायट्रोजन २, ऑक्सिजन २. कर्क्युमिनइतकेच कार्बन. नायट्रोजनची भर धरून हिशोब केला, तर वलये आणि दुहेरी बंधांची बेरीजही तीच येते, १२. एवढ्या सारखेपणानंतर चित्रे मात्र दोन टोकांची. कर्क्युमिन म्हणजे दोन षट्कोन आणि एक नागमोडी. स्ट्रिक्नीन म्हणजे एकमेकांत गुंतलेली ७ वलये. कागदावर ती काढायची तर पेन कुठून सुरू करावे इथपासून अडचण. जर्मनीत हेर्मान लॉइक्स आणि इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांनी या एका रेणूवर दशकेच्या दशके घालवली. रॉबिन्सन यांनी काढलेली आधीची चित्रे चुकली, बदलली, पुन्हा चुकली. बरोबर ठरलेले चित्र आले १९४६ मध्ये. १९५०-५१ मध्ये क्षकिरणांनी त्यावर शिक्कामोर्तब केले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी तो रेणू प्रयोगशाळेत बांधला. बीपासून चित्रापर्यंत १२८ वर्षे.

यातला बराच काळ पदार्थाच्या आत डोकावायला साधन नव्हते. रेणू फोडायचा, तुकडे ओळखायचे, आणि तुकड्यांवरून मूळ वस्तू कशी असेल ते ताडायचे. फुटलेल्या खापरांवरून मडक्याचा आकार सांगणाऱ्या पुरातत्त्वशास्त्रज्ञासारखे हे काम होते, फरक एवढाच की इथले खापर डोळ्यांनी दिसत नव्हते. अंदाज चुकण्याला जागा किती, हे एका आकड्यावरून कळेल. फक्त कार्बन आणि हायड्रोजन, एकही वलय नाही, एकही दुहेरी बंध नाही, आणि कार्बन २० : एवढ्या साध्या सूत्राची वेगवेगळी ३,६६,३१९ चित्रे निघतात. त्यात ऑक्सिजन, नायट्रोजन आणि वलये मिसळली की मोजदाद थांबते.

चुका मोठ्या माणसांच्याही झाल्या. पित्ताम्लांच्या रचनेवरील कामासाठी हाइनरिश वीलांड यांना १९२७ चे आणि त्यांच्याशी नाते असलेल्या कोलेस्टेरॉलसारख्या स्टेरॉलांवरील कामासाठी आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल मिळाले. त्या वेळी मान्य असलेले चित्र चुकीचे होते. १९३२ मध्ये बर्नाल यांनी या कुळातल्या स्फटिकांवर क्षकिरण टाकून मापे घेतली. रेणू लांब आणि चपटा निघाला, आणि नोबेलच्या वेळचे चित्र त्या मापात बसेना. त्याच वर्षी नवी रचना पुढे आली. वीलांड आणि विंडाउस यांचे प्रयोग खोटे नव्हते, आणि त्यांच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही. पण रचनेचे चित्र हे फोटोसारखे नसते. तो एक दावा असतो, आणि दावा म्हणूनच तो वाचायला हवा.

ही चित्रे काढायची रीतही फार जुनी नाही. कार्बनचे अणू एकमेकांना जोडले जातात ही कल्पना केकुले आणि कूपर यांनी १८५८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. लोश्मिट यांनी १८६१ मध्ये वर्तुळे काढून शेकडो रेणू छापले. एडिंबरोच्या क्रम ब्राउन यांनी वर्तुळातल्या अक्षरांना रेघांनी जोडले. १८६५ मध्ये केकुलेंचे बेंझीनचे वलय आले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात आउगुस्ट होफमान यांनी क्रोकेच्या रंगीत चेंडूंना काड्या टोचून रेणू उभे केले : कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या चेंडूंचे रंग अजून तेच आहेत.

कागद सपाट आणि रेणू सपाट नाही, ही अडचण १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी समोर आणली. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात, म्हणून एकच चित्र डाव्या आणि उजव्या हातासारख्या दोन वस्तूंचे असू शकते. आजच्या चित्रात कागदातून वर येणारा बंध जाड पाचरीसारखा काढतात आणि खाली जाणारा तुटक रेघांनी. घाईत ही पाचर राहून गेली तर काय होते? कार्वोन या रेणूचे उदाहरण स्वयंपाकघरातच आहे. पाचर एका बाजूला असेल तर तो स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा वास. तिथेच तुटक रेघ असेल तर शहाजिऱ्याचा. पाचर नसलेले चित्र हातात आले, तर वाचणाऱ्याने एवढेच म्हणावे : हे कार्वोन आहे, पण चटणीतले की बिर्याणीतले, ते या कागदावर लिहिलेले नाही.

काडी एका कोपऱ्याने सरकली तरी पदार्थ बदलतो. व्हॅनिलीन म्हणजे कर्क्युमिनच्या चित्राचे एक टोकच : तोच षट्कोन, तोच ओएच, तोच ओसीएच३, आणि साखळीच्या जागी एक आल्डिहाइड गट. त्यातल्या ओएच आणि ओसीएच३ यांनी जागांची अदलाबदल केली की आयसोव्हॅनिलीन होते. रेणुसूत्र तेच, वजन तेच. आइस्क्रीमवाल्याला हवा असलेला सुगंध मात्र त्यात जवळपास नसतो.

सुगंध गेला तर आइस्क्रीम फसते. औषधाच्या बाबतीत हेच घडले तेव्हा काय झाले, ते २०१२ मध्ये बाहेर आले. बोसुटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे औषध त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झाले. त्याआधीपासून जगभरच्या प्रयोगशाळा हा रेणू संशोधनासाठी रसायने पुरवणाऱ्यांकडून विकत घेत होत्या. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याचे स्फटिक अभ्यासले, तेव्हा एका वलयावरचे दोन क्लोरीन आणि एक ओसीएच३ चित्रातल्या जागांवर नव्हते. चौकशी सुरू झाली, तसे एकापेक्षा अधिक पुरवठादारांचा माल असाच निघाला. लेबलवरचे चित्र बरोबर, नाव बरोबर, वजन बरोबर. आतला पदार्थ बोसुटिनिबचा समघटक, म्हणजे अणू तेच पण जागा वेगळ्या. त्या मालावर केलेल्या कामाचे निष्कर्ष कितपत धरायचे, हा प्रश्न कित्येक गटांपुढे उभा राहिला.

वाईट याचे वाटते की ही चूक पकडायला फार काही लागत नव्हते. खऱ्या रेणूत त्या वलयावरचे दोन हायड्रोजन एकमेकांपेक्षा वेगळ्या शेजारात राहतात, त्यामुळे एनएमआर या, अणूंचा शेजार चुंबकाच्या मदतीने ओळखणाऱ्या तपासणीच्या आलेखात त्यांच्या दोन स्वतंत्र रेषा दिसतात. समघटकात तेच दोन हायड्रोजन हुबेहूब सारख्या जागी येतात आणि एकच रेष देतात. दोनाऐवजी एक रेष, एवढाच फरक. पण तो पाहण्यासाठी बाटली उघडल्यावर कोणीतरी लेबलवरचे चित्र हाताने काढून, कोपरे मोजून, आलेखासमोर धरायला हवे होते.

दुसऱ्या प्रकरणात चूक चित्रातच होती. टीआयसी१० नावाचा एक रेणू कर्करोगाच्या पेशींना मारतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना जुन्या जर्मन पेटंटातून उचललेली होती : तीन वलये एका ओळीत. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत किम जांडा यांच्या गटाने त्या चित्राप्रमाणे रेणू बनवला, तर तो निष्क्रिय निघाला. जो पदार्थ काम करत होता त्याची वलये ओळीत नव्हती, कोनात वळलेली होती. २०१४ मध्ये हे जाहीर झाले आणि पुढे हक्कांचा वाद झाला. पेटंटात एक चित्र, बाटलीत दुसरा रेणू, मग मालकी कशाची? वजनाने हा घोळ उलगडला नसता, कारण दोन्ही समघटकांचे वजन एकच. तोच कोनात वळलेला रेणू २०२५ मध्ये डॉर्डाव्हिप्रोन या नावाने मेंदूच्या एका दुर्धर गाठीवर अमेरिकेत मंजूर झाला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने असाच एक गुंता जवळून पाहिला आहे. लाखेच्या किड्यांपासून मिळणारा लाल रंग, लॅकेइक आम्ल, हा एकच पदार्थ असल्याचे बराच काळ धरले गेले होते. या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरमन आणि त्यांचे विद्यार्थी ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने १९६०च्या दशकात त्यावर काम केले, आणि त्या एका नावाखाली ए, बी अशी भावंडे नांदत असल्याचे पुढे आले. प्रत्येकाचे चित्र वेगळे काढावे लागले. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात रंगरसायन शिकवून वेंकटरमन पुण्यात आले होते; कापडगिरण्यांच्या शहराला रंगाच्या रेणूचे चित्र का महत्त्वाचे वाटते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आता हाताने काढलेले चित्र वाचायला यंत्रही बसले आहे. १९८५ पर्यंत शोधनिबंधातली चित्रे साच्यांनी आणि शाईने काढत. त्या वर्षी हार्वर्डमध्ये डेव्हिड एव्हान्स, सॅली एव्हान्स आणि स्ट्यूअर्ट रुबेनस्टाइन यांच्या खटपटीतून केमड्रॉ हे सॉफ्टवेअर जन्मले आणि संगणकावर षट्कोन सरळ येऊ लागले. छापील चित्रावरून रेणू ओळखणारी सॉफ्टवेअरेही आली. हाताचे चित्र त्यांना जड गेले, कारण माणसाचा षट्कोन षट्कोन नसतो. त्याची एक बाजू वाकते, दुहेरी बंधाच्या रेघा एकमेकींना चिकटतात, ‘ओ’ हे अक्षर की छोटे वलय ते कळत नाही. स्टॅनफर्डच्या केमपिक्सने २०२१ मध्ये हाताने काढलेली हायड्रोकार्बनांची चित्रे वाचून दाखवली. जर्मनीत येना इथल्या डेसिमर प्रकल्पाने हाताने काढलेल्या ५,०८८ चित्रांचा संच सर्वांसाठी खुला केला. यंत्राने चित्र वाचले, की पुढचा शोध झटपट होतो. अमेरिकेतल्या सीएएस नोंदवहीत १९६५ पासून नोंदवलेले पदार्थ आता २० कोटींच्या वर गेले आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे. कर्क्युमिनचा ४५८-३७-७. यातला शेवटचा ७ आधीच्या आकड्यांवरून ताळा घेऊन काढलेला असतो. कारकुनाने एखादा आकडा चुकवला तर तो लगेच उघडा पडतो.

चित्राला असा ताळ्याचा आकडा नसतो. तो पदार्थाकडून घ्यावा लागतो.

म्हणून त्या पाठकोऱ्या कागदाकडे परत. समजा, कागदासोबत एक छोटी बाटलीही आली आहे, आत केशरी-पिवळी पूड. चित्र कर्क्युमिनचे आहे यात शंका उरलेली नाही. पुडीचे काय? ती विरघळवून कार्बनचा एनएमआर घेतला तर रेणूत २१ कार्बन असूनही ११ च रेषा यायला हव्यात, कारण डावे अंग उजव्या अंगाची आरशातली प्रतिमा आहे आणि फक्त मधला कार्बन एकटा. हायड्रोजनच्या आलेखात नागमोडीतल्या दुहेरी बंधांच्या रेषा दुभंगून १६ हर्ट्झच्या अंतराने बसतात. ते अंतर सांगते की दोन्ही बंधांवरचे हायड्रोजन विरुद्ध बाजूंना आहेत. आणि एक गोष्ट अशी दिसते जी कागदावर नव्हती. मधल्या कोपऱ्यावर आपण दोन हायड्रोजन मोजले होते. द्रावणात तिथे मुख्यतः एकच सापडतो. दुसरा सरकून शेजारच्या ऑक्सिजनवर बसलेला असतो आणि दोन्ही ऑक्सिजनांमध्ये वाटून घेतला जातो. पाठ्यपुस्तकांत कर्क्युमिनची दोन्ही रूपे छापलेली आढळतात आणि विद्यार्थी विचारतात, यातले बरोबर कुठले. रेणुसूत्र दोन्हींचे एकच, बारांचा हिशोबही तोच. द्रावणापुरते बोलायचे तर हायड्रोजन सरकलेले चित्र अधिक खरे.

आता टीएलसी, म्हणजे पातळ थरावर मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची रीत. काचेच्या वा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर, तळाशी पिवळ्या द्रावणाचा एक टिंब, आणि खाली द्रावकाची उथळ वाटी. द्रावक वर चढू लागतो. सांगलीची हळद असो की वर्ध्याच्या वायगावची, बाजारातल्या ‘कर्क्युमिन’च्या डबीतली पूड असो की घरच्या डब्यातली, पट्टी बाहेर काढल्यावर बहुधा एकाच्या जागी तीन पिवळे ठिपके एकाखाली एक दिसतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत गडद ठिपका कर्क्युमिनचा, रेणूचे वजन ३६८. त्याखालचा ३३८. सर्वांत खालचा, फिकट, ३०८. दर पायरीला ३० कमी : एक कार्बन, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन.

दुसरा पाठकोरा कागद घ्यायचा. डावा षट्कोन, उजवा षट्कोन, मध्ये तीच नागमोडी, दोन्ही टोकांना ओएच. डावीकडे ओसीएच३ची काडी. उजवीकडे ती काढायची नाही. तो कोपरा रिकामा सोडायचा, आणि तिथला हायड्रोजन वाचणाऱ्याने मोजायचा.